टीएमसी ते लिटर : पाण्याचा हिशेब

कोयना धरणाची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी, २९८० दलघमी किंवा २.९८ अब्ज घनमीटर अशी लिहिली जाते. पाणी मात्र तेवढेच. एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, हे २८.३२ दशलक्ष घनमीटर (दलघमी) होते. हजार दलघमींचा एक घनकिलोमीटर, तर एका घनमीटरचे हजार लिटर होतात.

आता शेताकडे वळू. एका हेक्टरास ५० मिलिमीटर संरक्षित पाणी देण्यास ५०० घनमीटर, अर्थात पाच लाख लिटर लागते. ३० × ३० × ३ मीटरच्या, १:१ उताराच्या शेततळ्यात २१९६ घनमीटर पाणी मावते. पाझर व बाष्पीभवन न धरताही ते सुमारे ४.४ हेक्टरांस एकदाच पुरते.

पाण्याचा ताण पडलेल्या पिकावर कोळी झपाट्याने वाढतात. म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी पाण्याचा ताळेबंद प्रथम घनमीटरमध्ये मांडावा, मगच फवारणीचा सल्ला द्यावा.