जुन्या घरातील न्हाणीचा निचरा व वायुवीजन : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
भंडारा हा वैनगंगेच्या खोऱ्यातील तलावांचा व धानशेतीचा जिल्हा आहे. येथील जुन्या कवेलूच्या घरांत न्हाणी सामान्यतः परसाकडे असे व तिचे सांडपाणी उघड्या मोरीतून वाहून जाई. २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाने घरोघरी शौचालय बांधण्यास चालना दिली. जुन्या घरात न्हाणी व शौचालय आत घेताना नळ्या, उतार व टाकी यांचा विचार होतो. हवेचा मात्र क्वचितच होतो. उघड्या मोरीला हवा आपोआप मिळत होती; बंद नळीला ती मुद्दाम द्यावी लागते.

जलबंधाचे कार्य :
निचऱ्याच्या तोंडाशी बसविलेल्या वाकड्या नळीत, म्हणजेच ट्रॅपमध्ये, सुमारे ५० मिलिमीटर पाणी सदैव साचून राहते. हा जलबंध टाकीतील दुर्गंधी व कीटक घरात येऊ देत नाही. लंडनचे घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये अशा वक्रनळीच्या शौचपात्राचे पेटंट घेतले होते. जलबंध सुकल्यास काय घडू शकते, हे २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत दिसून आले. तेथे ३०० हून अधिक रहिवाशांना सार्स रोगाची बाधा झाली व न्हाणीघरांतील कोरडे ट्रॅप हे प्रसाराच्या प्रमुख कारणांपैकी एक मानले गेले.

वायुनलिकेची आवश्यकता :
नळीतून एकदम कोसळणारे पाणी पुढची हवा ढकलते व मागे निर्वात निर्माण करते. वरून हवा न मिळाल्यास ही पोकळी जवळच्या ट्रॅपमधील पाणी ओढून घेते. शौचालयात पाणी टाकताच न्हाणीत होणारी गुडगुड हे याचेच लक्षण होय. पुष्कळदा नळी तुंबली असे समजून तीत आम्ल ओतले जाते. परंतु दोष हवेच्या अभावाचा असतो. म्हणून मुख्य उभी नळी त्याच व्यासाने छपराच्या व खिडक्यांच्या वर नेऊन तिचे तोंड मोकळे ठेवावे. आडव्या नळीस मीटरमागे सुमारे २५ मिलिमीटर उतार द्यावा, काटकोनी जोड टाळावेत आणि वळणाच्या ठिकाणी सफाईचे झाकण ठेवावे. मातीच्या भिंतीत नळी न पुरता ती बाहेरून न्यावी. त्यामुळे गळती वेळीच दिसते व भिंत ओलीने खचत नाही.

हत्तीरोग व वायुनलिका :
भंडारा हा विदर्भातील हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांपैकी एक आहे. या रोगाचा प्रसार करणारा क्युलेक्स डास घाण पाण्यात वाढतो व सेप्टिक टाकी ही त्याची आवडती जागा असते. वायुनलिकेचे तोंड उघडे असल्यास डासांना टाकीत जाण्यायेण्याचा मार्गच मिळतो. यास्तव तोंडावर बारीक, न गंजणारी जाळी घट्ट बांधणे आणि टाकीच्या झाकणाच्या फटी सिमेंटने बुजविणे अत्यावश्यक ठरते. फाटलेली जाळी पावसाळ्यापूर्वी बदलावी.

निष्कर्ष :
न्हाणीचा निचरा केवळ पाणी वाहून नेण्याने पूर्ण होत नाही. जलबंध, वायुनलिका व जाळी या तिन्हींचा मेळ बसल्यासच जुन्या घरातील नवी सोय आरोग्यास पोषक ठरते. वायुनलिका नसल्यास जलबंध टिकत नाही, आणि जाळी नसलेली वायुनलिका डासांची वाट होते. एकूण बांधकामाच्या तुलनेत या दोन्हींचा खर्च अल्प आहे. त्यामुळे फेरबदलाच्या आराखड्यातच त्यांना स्थान देणे इष्ट होय.