एकाचे दोन का दिसतात?

या रे, बसा जवळ. मघाशी चिमी तिरळं बघून दाखवत होती ना, तेव्हा तिच्या डोळ्यांमागे केवढी धावपळ चालली होती! प्रत्येक डोळा फिरवायला 6 स्नायू. त्यांना हुकूम द्यायला मेंदूतून दर बाजूला 3 मज्जातंतू निघतात: तिसरा, चौथा नि सहावा. पाचवा कुठे गेला म्हणता? तो चेहऱ्याचा, त्याची गोष्ट कुणाचा दात दुखेल तेव्हा. या तिघांतला एक जरी लुळा पडला, तर डोळे एका रेषेत राहत नाहीत आणि चंद्र दोन दिसतात. एक डोळा झाका, पुन्हा एकच!

माझा लाडका चौथा. सगळ्यांत बारीक आणि हट्टीही. बाकीचे पुढून किंवा बाजूने निघतात, हा मेंदूच्या देठाच्या पाठीमागून निघतो, दुसऱ्या बाजूला जातो, मग वळसा घालून पुढे येतो. एवढा प्रवास एकाच स्नायूसाठी! तो स्नायूही अजब: विहिरीवरच्या रहाटावरून दोर जावा तसा खोबणीतल्या एका कड्यातून वळून डोळ्याला ओढतो. लांब नि नाजूक असल्यामुळे डोक्याला मार लागला की चौथा दुखावतो. मग जिना उतरताना पायऱ्या दोन दिसतात, आणि माणूस नकळत मान कलती धरतो. काहींना हे जन्मतःच असतं. म्हणून डॉक्टर लहानपणचे फोटो मागतात. मान तेव्हाही कललेली असेल, तर दुखणं जुनं.

सहाव्यामुळे डोळा बाहेरच्या बाजूला वळतो. कवटीत कुठेही दाब वाढला की हा ताणला जातो, त्यामुळे भल्याभल्यांना चकवतो.

तिसऱ्याकडे 4 स्नायू, वर पापणी उचलणं, शिवाय बाहुली लहान करणं. मधुमेह, रक्तदाबाने त्याच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडल्या, तर त्याचा गाभा उपाशी राहतो. बाहुलीचे तंतू कडेला असतात, ते बहुधा वाचतात. असा तिसरा बहुतेकदा तीनेक महिन्यांत सावरतो. पण शेजारची रोहिणी फुगून बाहेरून दाबू लागली, तर आधी कडेचेच तंतू चिरडतात. पापणी पडली नि बाहुली मोठी झाली, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच इस्पितळ गाठायचं. ती रोहिणी फुटू शकते. बाहुली ठीक दिसली तरी घरगुती उपाय नकोत, तपासणी हवीच. आजीला सांगा हे, ती आधी गुलाबपाणी शोधेल.