पोटात राहिलेला मॉप शोधणारी चिप

टाके घालण्याआधी ऑपरेशन थिएटरमध्ये मोजणी होते. रक्त टिपणारे गॉजचे मॉप किती घेतले, किती बाहेर आले, हे सिस्टर मोठ्याने मोजतात. आकडा जुळल्याशिवाय पोट शिवायचे नाही, असा शिरस्ता आहे. तरीही रक्ताने भिजलेला एखादा मॉप आतड्यांच्या आड दिसेनासा होतो आणि आतच राहतो. मग पोटदुखी, ताप, पू आणि पुन्हा शस्त्रक्रिया.

अशी बातमी आली की हलगर्जीपणा म्हणून आपण मोकळे होतो. ते अन्यायाचे आहे. अमेरिकेतले शल्यचिकित्सक डॉ. अतुल गवांदे आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये तिथल्या, शरीरात मॉप किंवा शस्त्रक्रियेचे साधन राहिलेल्या 54 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ज्यांच्या शस्त्रक्रियेत मोजणी झाली होती, त्यातल्या 88 टक्के वेळा आकडा बरोबर असल्याचीच नोंद होती! तातडीच्या शस्त्रक्रियेत हा धोका सुमारे नऊपट आढळला. म्हणजे मोजणारी माणसे मोजत होतीच. धावपळीत मोजणीच फसत होती.

आरएफआयडी, म्हणजे रेडिओलहरींनी ओळख पटवणारे तंत्रज्ञान, उपयोगी पडते ते इथे. मॉपमध्ये छोटा टॅग शिवलेला असतो. त्यात बॅटरी नसते. टॅग वाचणाऱ्या रीडरच्या रेडिओलहरींतूनच त्याला ऊर्जा मिळते आणि तो आपला क्रमांक कळवतो. क्ष-किरणांत दिसणारा धागा मॉपमध्ये पूर्वीपासून असतो, पण त्यासाठी एक्स-रे काढावा लागतो. इथे पोटावरून रीडर फिरवला की झाले. अडचण पाण्याची. गोदामांत वापरतात त्या 860 ते 960 मेगाहर्ट्झच्या लहरी लांबून वाचता येतात, पण शरीरातले पाणी त्या शोषून घेते. 13.56 मेगाहर्ट्झच्या लहरी जवळूनच चालतात, मात्र शरीरातून सहज पार होतात. स्टॅनफर्डच्या 2006 मधल्या चाचणीत 8 रुग्णांवर 28 मॉप वापरले आणि रीडरने एकही चूक केली नाही. चाचणी लहान होती, पण दिशा पटणारी.

मात्र रीडर स्वतः लहरी सोडतो, हे विसरून चालणार नाही. ॲमस्टरडॅममध्ये संशोधकांनी रुग्ण नसलेल्या खोलीत अतिदक्षता विभागातल्या 41 उपकरणांजवळ रीडर चालवून पाहिले. 2008 मध्ये निष्कर्ष आले: 123 चाचण्यांत 34 वेळा व्यत्यय, त्यातले 22 धोकादायक. व्हेंटिलेटर बंद पडले, सिरिंज पंप थांबले. म्हणून रुग्णालयाने आपल्याच यंत्रांजवळ रीडर तपासल्याखेरीज तो थिएटरमध्ये आणू नये, असे मला ठामपणे वाटते.

आपल्याकडे अनेक रुग्णालयांत गॉजचे थान आणून मॉप तिथेच कापतात, शिवतात, ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करतात. त्यापुढे टॅगचा मॉप महागच वाटणार, कारण टॅगही मॉपबरोबर टाकून द्यावा लागतो. सगळीकडे एकदम नको. अपघाताचा रुग्ण, रात्रीचे तातडीचे सिझेरियन, मध्येच सिस्टरांची पाळी बदललेली लांबलेली शस्त्रक्रिया, इथून सुरुवात करावी. आणि रीडरने होकार दिला तरी सिस्टरांची मोजणी पूर्वीसारखीच मोठ्याने व्हावी.