आजाऱ्याचा खर्च : एक आजार आणि पाच देश

आपल्या ट्रस्टच्या वैद्यकीय साहाय्य निधीकडे येणाऱ्या अर्जांत अलीकडे मूत्रपिंडाच्या आजाराचे अर्ज वाढत चालले आहेत, हे निधी-समितीच्या सभासदांस ठाऊकच आहे. अशा अर्जावर बोलणे निघाले म्हणजे दोन वाक्ये हटकून कानी पडतात. एक, परदेशात हे सारे फुकट असते. आणि दुसरे, आता सरकारी कार्ड मिळते, मग आपला निधी हवा कशाला? दोन्ही वाक्यांत थोडे तथ्य आहे आणि बराच गैरसमज आहे. महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काही लिहा, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा ह्याच प्रश्नाची उकल करावी असे आम्ही ठरविले. वर्गात मुलांना शिकविताना आम्ही नेहमी एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत नेतो. येथेही तसेच करणार आहोत.

मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तातील दूषित द्रव्ये बाहेर पडत नाहीत. ते काम यंत्राकडून करवून घेणे म्हणजे डायलिसिस. सर्वसाधारणपणे एका वेळेस चार तास, आठवड्यातून तीन वेळा, म्हणजे वर्षातून १५६ वेळा. आतड्याचे किंवा हृदयाचे ऑपरेशन असले तर आपण चार घरे फिरतो, वर्गणी जमवितो, आणि रुग्ण बरा होऊन घरी येतो. येथे मात्र दुसऱ्याचे मूत्रपिंड बसविले जाईपर्यंत, नाही तर आयुष्य संपेपर्यंत, खर्च थांबत नाही. आमच्या घरची जकात असो की शेजारच्या घरचा दानधर्म असो, झोळी एकदा भरता येते. आठवड्यातून तीनदा ती कोण भरणार? म्हणूनच कोणत्याही देशाची आरोग्यव्यवस्था पारखावयाची तर ह्या आजारासारखी दुसरी कसोटी नाही, असे आम्हांस वाटते.

हे यंत्र प्रथम चालविले डॉ. विलेम कोल्फ यांनी, १९४३ साली, जर्मनांनी व्यापलेल्या हॉलंडमधील कांपेन गावी. युद्धामुळे साहित्य मिळेना, तेव्हा मांसाच्या वळकट्या भरण्यासाठी वापरीत तसल्या सेलोफेनच्या नळ्या त्यांनी लाकडी पिंपाभोवती गुंडाळल्या. पण दर खेपेस नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, त्यामुळे रुग्णास फार दिवस यंत्रावर ठेवता येत नसे. ती अडचण १९६० साली अमेरिकेतील सिएटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी दूर केली. रुग्णाच्या हातात कायमची राहील अशी टेफ्लॉनची नळी त्यांनी बसविली आणि माणूस वर्षानुवर्षे यंत्रावर जगू लागला.

खरा प्रश्न तेव्हा उभा राहिला. १९६२ साली सिएटलमध्ये केंद्र उघडले; यंत्रे थोडी, रुग्ण पुष्कळ. म्हणून गावातील सात जणांची एक समिती नेमली. तीत वकील, पाद्री, बँकवाला, गृहिणी, कामगार पुढारी असे लोक होते. कोणास यंत्र द्यावयाचे हे त्यांनी ठरवावयाचे. मग रुग्णाची मिळकत, त्याची मुलेबाळे, चर्चमधील त्याची ये-जा, हे सारे विचारात घेतले जाऊ लागले. त्याच वर्षी एका साप्ताहिकाने ही हकीकत छापली आणि त्या देशात मोठी खळबळ उडाली. वाचकांनी क्षणभर कल्पना करावी : आपल्या निधी-समितीच्या सभेत कोणास किती रुपये द्यावे एवढेच आपण ठरवितो, आणि तरीही त्या रात्री नीट झोप लागत नाही. त्या सात जणांचे काय झाले असेल?

१९७१ च्या नोव्हेंबरात शेप ग्लेझर नावाच्या रुग्णाने अमेरिकन संसदेच्या समितीपुढे, यंत्र जोडलेल्या स्थितीत, आपले म्हणणे मांडले. १९७२ साली कायदा झाला व १९७३ पासून मूत्रपिंडे निकामी झालेल्या बहुतेक सर्वांना, वय कोणतेही असो, मेडिकेअर ही वृद्धांसाठी असलेली सरकारी योजना लागू झाली. गंमत अशी की, ज्या देशाने सर्व नागरिकांना वैद्यकीय विमा देणे आजवर मान्य केले नाही, त्याने ह्या एकाच अवयवापुरते ते मान्य केले! तेथेही डायलिसिसच्या खर्चाचा पाचवा हिस्सा सामान्यतः रुग्णाकडे किंवा त्याच्या दुसऱ्या विम्याकडे राहतो. आणि कागदपत्रांवाचून राहणाऱ्या परदेशी मजुरास काही राज्यांत जीव धोक्यात आल्यावरच यंत्रावर घेतात.

आता इंग्लंडकडे वळू. तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. खर्च करांतून भागतो आणि डायलिसिसच्या रुग्णास बिल येत नाही. ‘परदेशात फुकट’ म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा हाच देश असतो. परंतु फुकट असणे आणि मिळणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १९७० च्या सुमारास व पुढेही काही वर्षे तेथे यंत्रे इतकी कमी होती की उतारवयातील पुष्कळ रुग्णांना तज्ज्ञाकडे पाठविलेच जात नसे. समिती नव्हती, बिल नव्हते. फक्त आता काही करता येण्यासारखे नाही, एवढे डॉक्टर सौम्यपणे सांगत. आम्हांस तर सिएटलच्या समितीपेक्षा हे अधिक भयंकर वाटते, कारण तेथे निदान नकार देणारा कोण हे ठाऊक होते. पुढे केंद्रे वाढली आणि ही स्थिती पालटली, हेही सांगितले पाहिजे.

बिस्मार्कने १८८३ साली जर्मनीत कामगारांचा आजारविमा सुरू केला. मालक व नोकर दोघांनी मिळून वर्गणी भरावयाची, ही त्याची तऱ्हा. आपला कर्मचारी राज्य विमा कायदा, १९४८, त्याच कुळीचा. जपानने हीच पद्धत वाढवीत नेऊन १९६१ साली देशातील प्रत्येकास विम्याखाली आणले. तेथे इतर आजारांत रुग्ण साधारणतः तीन दशांश खर्च सोसतो. डायलिसिसवाल्यास मात्र महिन्यास १०,००० येनपेक्षा, आणि मिळकत मोठी असेल तर २०,००० येनपेक्षा, अधिक भरावे लागत नाही. सुमारे साडेतीन लाख माणसे तेथे अशी जगत आहेत.

हे सारे श्रीमंत देश झाले. आपणांस अधिक शिकण्याजोगा देश थायलंड. त्याने २००२ साली तीस बाटमध्ये उपचार ही योजना काढली, पण डायलिसिस तीतून वगळले. एवढा खर्च झेपणार नाही, असा सरळ हिशेब होता. त्यामुळे गरीब रुग्ण घरदार विकीत. रुग्णांनी संघटित होऊन मागणी लावून धरली, तेव्हा २००८ पासून ते योजनेत आले, परंतु एका अटीवर. यंत्राऐवजी पोटातील पडद्याच्या साहाय्याने, घरच्या घरी द्रावण बदलून रक्त शुद्ध करावयाची जी पद्धत आहे ती आधी वापरावयाची. द्रावणाच्या पिशव्या टपालखात्यामार्फत खेड्यातील घरापर्यंत जाऊ लागल्या. शहरातील रुग्णालयाच्या खेपा वाचल्या, रोजगार बुडेना. जंतुसंसर्गाची भीती मात्र राहिली. २०२२ साली रुग्णास निवड करण्याची मुभा दिली, तेव्हा यंत्रावर जाणारे झपाट्याने वाढले आणि खर्चही. म्हणजे ही गाठ अजून सुटलेली नाही.

आणि आपल्याकडे? अविभाजित आंध्र प्रदेशात २००७ साली आरोग्यश्री योजना सुरू झाली. तेलंगणाने डिसेंबर २०२३ मध्ये तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षास १० लाख रुपये केली. केंद्राने २०१६ साली जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसचा कार्यक्रम जाहीर केला आणि २०१८ साली ५ लाखांची आयुष्मान योजना आणली. तेव्हा पूर्वी जो रुग्ण केवळ पैशांअभावी यंत्रापर्यंत पोहोचतच नसे, तो आज पोहोचतो. ही गोष्ट लहान नव्हे, आणि सरकारी ते सारे कुचकामी असे म्हणणाऱ्यांनी ती विसरू नये. नांदेड-देगलूरकडून उपचारासाठी हैदराबादेस येणाऱ्या आपल्या आप्तांनी मात्र ध्यानात ठेवावे की आरोग्यश्री ही तेलंगणाच्या रहिवाशांसाठी आहे. आयुष्मान कार्ड परराज्यात चालावे असा नियम आहे, तरी निघण्यापूर्वी त्या रुग्णालयात चौकशी करावी.

पण कार्ड यंत्राचे पैसे देते, बसचे नव्हे. आठवड्यातून तीन खेपा, सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज, रक्त वाढविण्याची इंजेक्शने बाहेरून आणावी लागली तर त्यांचा खर्च, ह्या रकमा एकेकट्या पाहिल्या तर किरकोळ आहेत. तरीही त्यांच्यामुळेच तीनऐवजी दोन खेपा करणारे, आणि पुढे एकच करणारे, रुग्ण आम्ही पाहिले आहेत. दवाखान्याच्या वहीत त्याची नोंद ‘गैरहजर’ अशी होते.

आपल्या निधीच्या अर्जात आज ‘रुग्णालयाचे अंदाजपत्रक’ असा एकच रकाना आहे, आणि ज्याचे यंत्र कार्डावर चालते त्याचे अंदाजपत्रक शून्य येते. असे अर्ज आजवर आपण गरज नाही म्हणून परत पाठवीत आलो. येत्या वार्षिक सभेत आम्ही आणखी तीन रकाने सुचविणार आहोत : घर ते केंद्र अंतर किती, सोबत कोण येते व त्याचा रोज किती बुडतो, आणि गेल्या महिन्यात किती खेपा चुकल्या.