पावसाळ्यातला हिमालय : पालेगावातून निघण्याआधी

हिमालयात पायी फिरायला जाणे हे पैसेवाल्यांचे आणि कॉलेजच्या पोरांचे काम, अशी आपल्या वस्तीत अजून समजूत आहे. ती समजूत खोटी ठरविणारी मुले आपल्यासारख्याच घरांतून निघाली आहेत. २५ मे २०१४ रोजी तेलंगणातील समाजकल्याण निवासी शाळेत शिकणारी मालावत पूर्णा ही तेरा वर्षांची आदिवासी मुलगी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचली. दलित समाजातला आनंद कुमार हा विद्यार्थीही त्याच मोहिमेत वर पोहोचला. मे २०१८ मध्ये आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी ‘मिशन शौर्य’ मोहिमेत एव्हरेस्ट गाठले. त्यांत मनीषा धुर्वे ही मुलगी होती. या मुलांच्या घरी पैसा नव्हता, परंतु तयारी महिनोन्महिने झाली होती. पूर्णा आणि आनंद यांचे पहिले धडे भोंगीरच्या खडकावर, म्हणजे त्यांच्याच राज्यातल्या एका टेकडीवर झाले. दार्जिलिंग, लडाख हे सगळे नंतर.

आपल्याला एव्हरेस्टवर जायचे नाही. चार-पाच दिवस डोंगरात चालायचे, बर्फाची शिखरे डोळ्यांनी पाहायची आणि धडधाकट परत यायचे, एवढेच. पालेगाव आणि आसपासचे आम्ही नऊ जण सध्या याच तयारीत आहोत. तीन महिला आहेत, त्यांत एक आई आणि तिची अठरा वर्षांची मुलगी. बाकी कोणी आनंदनगर एमआयडीसीत, कोणी दुकानात, कोणी माझ्यासारखा कारकून. या तयारीत जे जमा-खर्चाचे आणि अंगमेहनतीचे हिशेब झाले, ते इतर कुटुंबांच्याही उपयोगी पडावेत म्हणून येथे मांडतो.

पहिला प्रश्न पैशाचा नाही, रजेचा आहे. कारखान्यातल्या कायम कामगाराला वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा मिळते. वर्षाला तीनशे दिवस भरले तर पंधरा दिवस. आमचा कार्यक्रम तेरा दिवसांचा आहे, त्यात तो बसतो. मात्र वर्षभर दुसरीकडे रजा उधळायची नाही आणि अर्ज लेखी, वेळेत द्यायचा. तोंडी सांगितलेली रजा ही रजा नव्हे.

खरा पेच कंत्राटी कामगाराचा. आमच्यात असे दोघे आहेत. त्यांना रजा मागितली तर ‘जा, पण पैसे मिळणार नाहीत’ असे उत्तर मिळाले. (कायदा पगारी रजा देताना कायम आणि कंत्राटी असा भेद करीत नाही. पण ते भांडण सहलीच्या तोंडावर काढायचे नसते, ते वेगळे लढायचे असते.) तेव्हा तेरा दिवसांतल्या दोन सुट्ट्या वजा जाता अकरा दिवसांची रोजी बुडते. रोजी सहाशे धरली तर सहा हजार सहाशे रुपये. बहुतेक लोक सहलीचा खर्च म्हणजे तिकीट, जेवण, मुक्काम एवढाच धरतात आणि ही बुडालेली रोजी कोणी लिहीत नाही. मग परत आल्यावर घरात किराणा उधारीवर येतो आणि बायको म्हणते, हिमालय नको पण कटकट आवर. आम्ही ती रोजी खर्चातच धरली. निम्मी त्या दोघांनी सोसायची आणि निम्मी बाकीच्या सात जणांनी. सात जणांनी वर्षभर महिन्याला ऐंशी रुपये जास्त टाकले की सहा हजार सातशे वीस होतात, म्हणजे दोघांची निम्मी रोजी भागते. यावर एका बैठकीत बरीच वादावादी झाली. “आम्ही का भरायचे?” असा प्रश्न आला. पण नऊ जणांनी एकत्र जायचे ठरवायचे आणि सर्वांत कमी मिळकतीच्या दोघांनी सर्वांत जास्त मोजायचे, हा हिशेब माझ्यासारख्या बी. कॉम. माणसाला तरी पटला नाही. शेवटी ठराव झाला. बाकी खर्चासाठी प्रत्येकी महिना बाराशे, वर्षाचे चौदा हजार चारशे. बस, जीप, रेल्वेचा स्लीपर डबा, साधा मुक्काम आणि दोन राखीव दिवस एवढ्यात बसविण्याचा आमचा अंदाज आहे.

आता पावसाचे. पुष्कळांना वाटते, आपण कोकणातली माणसे, पावसाचे आपल्याला काय! २६ जुलै २००५ आपण पाहिला आहे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात उभी राहिली आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून व दोरांच्या आधाराने बाहेर काढावे लागले, तेही आपल्या डोळ्यांसमोरच. पण हिमालयाचा पाऊस निराळा. सह्याद्री जुन्या, घट्ट काळ्या खडकाचा आहे. हिमालय त्या मानाने तरुण, ठिसूळ, अजून वर उचलला जाणारा पर्वत. तिथे पाऊस लागला की रस्त्यावर अख्खा डोंगर उतरतो. जून २०१३ मध्ये केदारनाथला काय झाले ते सर्वांना माहीत आहे. ५ ऑगस्ट २०२५ रोजी उत्तरकाशी जिल्ह्यातल्या धराली गावावर ओढ्यातून चिखल-दगडांचा लोंढा आला आणि बघता बघता घरे, हॉटेले गाडली गेली. शिवाय आपला पाऊस कोमट असतो, तिकडचा बर्फासारखा गार. भिजलेला माणूस वाऱ्यात उभा राहिला तर अंगातली ऊब निघून जाते, आधी थरथर, मग बरळणे, मग शुद्ध जाणे. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील सहस्रताल येथे कर्नाटकातून आलेल्या बावीस जणांच्या चमूतील नऊ जण खराब हवामानात सापडून दगावले. ते नवखे नव्हते, आणि तेव्हा पावसाळाही नीट सुरू झाला नव्हता.

मग पावसाळ्यात जायचेच कशाला? मुले शाळेत असतील तर जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या कुटुंबांनी मे महिना धरावा. युथ हॉस्टेल्स असोसिएशनची उन्हाळी पदभ्रमणे असतात, कसोलहून निघणारा सर पास त्यांत प्रसिद्ध आहे. तंबू, जेवण, वाटाड्या सगळे त्यांचे असते आणि खर्च बेताचा येतो. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा तर सर्वांत चांगला, आकाश निवळलेले असते. पावसाळ्यातच सुट्टी मिळत असेल तर डोंगराच्या पलीकडे, पर्जन्यछायेत जाता येते. लडाख आणि स्पितीत मान्सूनचा पाऊस फारसा पोहोचत नाही. मात्र लेह हेच साडेतीन हजार मीटरवर आहे. विमानाने थेट उतरले तर पहिले दोन दिवस गुपचूप पडून राहावे लागते, आणि विमानाचे भाडे आपल्या वहीत बसत नाही.

एक जागा मात्र अशी, की जी पावसाळ्यातच पाहायची. उत्तराखंडातील फुलांची घाटी, म्हणजे ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’. १९३१ साली कामेट शिखर चढून परतणारा इंग्रज गिर्यारोहक फ्रँक स्माइथ वाट बदलून या घाटीत उतरला आणि पुढे त्याने तिच्यावर पुस्तक लिहिले, तेव्हापासून ती जगाला ठाऊक झाली. तिथे गुरे चारणाऱ्या लोकांना ती आधीपासूनच ठाऊक होती, हे सांगायला नको. १९८२ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे, २००५ पासून जागतिक वारसा. १ जूनला उघडते, ३१ ऑक्टोबरला बंद होते. पण फुलांचा खरा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. आमचा बेत हाच आहे.

कल्याणला संध्याकाळी पंजाब मेलमध्ये बसले की साधारण चोवीस तासांत दिल्ली. तेथून रात्रीची बस, सकाळी ऋषिकेश. तो दिवस विश्रांती. दुसऱ्या दिवशी पहाटेची बस धरून जोशीमठमार्गे गोविंदघाट. अडीचशे किलोमीटरच्या वर घाटरस्ता, पूर्ण दिवस जातो. पिपळकोटी ते जोशीमठ हा टप्पा पावसात वारंवार बंद पडतो. अंधारात या रस्त्यावर प्रवास करायचा नाही, हा नियम. गोविंदघाटहून पुलना गावापर्यंत जीप, पुढे सुमारे दहा किलोमीटर चढ चालून घांघरिया. इथे मुक्काम करूनच घाटी पाहायची, कारण घाटीत रात्री राहण्यास मनाई आहे. सकाळी लवकर आत जायचे, दुपारनंतर आत सोडत नाहीत आणि सायंकाळी पाचच्या आत बाहेर यावे लागते. दुसऱ्या दिवशी ज्याला जमेल त्याने हेमकुंड साहिबची सहा किलोमीटरची खडी चढण करावी. तेथेही वर रात्र काढता येत नाही. गोविंदघाट आणि घांघरिया या दोन्ही ठिकाणी गुरुद्वारा आहे. राहण्याची सोय आणि लंगर तेथे कोणालाही मिळते, जात-धर्म कोणी विचारीत नाही. तेथे डोके झाकून जावे, विडी-तंबाखू खिशातही नसावी आणि ताटे घासायला हात लावावा. जाऊन येऊन हे अकरा दिवस. रस्ता बंद पडला तर म्हणून दोन राखीव. हे दोन दिवस नसतील तर पावसाळ्यात निघूच नये. नोकरीवर हजर होण्याच्या घाईत माणसे कोसळत्या दरडीखालून गाडी काढायला लावतात.

उंचीबद्दल आपल्याकडे फार अज्ञान आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. घांघरिया तीन हजार मीटरच्या थोडे वर, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आपण झोपणार. हेमकुंड चार हजाराच्याही वर. तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास येतो, त्यामुळे दर श्वासागणिक प्राणवायू कमी मिळतो. डोके दुखणे, मळमळ, झोप न येणे ही पहिली खूण. ती दिसली की वर जायचे नाही. बसल्या जागी दम लागत असेल, खोकल्यातून फेस येत असेल, तोल जात असेल किंवा माणूस असंबद्ध बोलत असेल तर रात्र असो की पाऊस, त्याला खाली आणायचे. दुसरे औषध नाही. तीन हजारांच्या पुढे रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. डायमॉक्सची गोळी मिळते, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्याने तर न विचारता मुळीच घेऊ नये. आणि तरण्या पोरांनी ध्यानात ठेवावे, उंचीचा त्रास व्यायामाने टळत नाही. उलट जोर दाखवून भरभर चढणाराच आधी आडवा होतो.

आमच्यातले वयाने सर्वांत मोठे गृहस्थ तपासणीत अडले, रक्तदाब वाढलेला निघाला. ते म्हणाले, मला काही होत नाही. डॉक्टर म्हणाले, औषध सुरू करा, तीन महिन्यांनी या. आता त्यांनी मीठ कमी केले आहे, रोज चालतात, आणि पैशाची वही त्यांच्याकडेच आहे. त्यांचे जाणे अजून ठरलेले नाही. त्यांचे पैसे मात्र वहीत त्यांच्याच नावावर आहेत, नाही आले तर पूर्ण परत.

अंगाची तयारी आपल्या दारातच होते. मलंगगड, टाहुली, चंदेरी, माथेरान ही रांग अंबरनाथ-बदलापूरच्या लोकांनी जन्मभर गाडीच्या खिडकीतून पाहिलेली असते. रोज सकाळी पाऊण तास चालणे, इमारतीचे जिने चढणे-उतरणे. (पालेगावात आता एवढे टॉवर झालेत, जिन्यांना तोटा नाही!) दर रविवारी मलंगगडाच्या पायऱ्या. उतरताना गुडघे पारखले जातात, म्हणून उतरणे सावकाश. मग नेरळहून पायी माथेरान, आणि एकदा कळसूबाई. पाठीवर सात-आठ किलोची पिशवी घेऊन, भर पावसात, सहा-सात तास. पावसात चंदेरीच्या कड्याच्या वाटेला जाऊ नये, खडक शेवाळलेला असतो. कोंडेश्वरच्या कुंडाने किती घरांचे दिवे विझविले, हे बदलापूरकरांना सांगायला नको. सरावाच्या दिवशी धबधब्यात आणि कुंडात कोणीही उतरायचे नाही, हा आमचा ठराव लेखी आहे. ज्याने मोडला, त्याचे नाव यादीतून जाईल. एकाचे गेलेही आहे, म्हणूनच आता नऊ उरलो.

सामानाचे थोडक्यात. उल्हासनगरची जीन्स कितीही नामांकित असली तरी ती घरी ठेवावी. भिजली की जड होते आणि दोन दिवस वाळत नाही. सुती बनियनही नको. पटकन वाळणारी पँट, लोकरीचा स्वेटर, कानटोपी, मोज्यांचे तीन जोड. छत्री वाऱ्यात निरुपयोगी, पूर्ण अंगाचा रेनकोट किंवा पोंचो घ्यावा. पिशवीच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून त्यात कपडे भरावेत, बाहेरचे कव्हर फसवते. बूट नवे कोरे नेऊ नयेत. दोन महिने सरावात वापरलेलेच न्यावेत. महिलांनी मासिक पाळीच्या सामानाचा साठा तारीख नसली तरी बरोबर ठेवावा. उंचीवर आणि दगदगीत ती मागेपुढे होते आणि घांघरियात दुकानांचा भरवसा नाही. वापरलेले मात्र परत खाली आणायचे.

त्या मुलीच्या आजीची हरकत होती, “पोरीला कशाला?” तिला आम्ही दिवसाचा पूर्ण तक्ता लिहून दिला आहे : कोणत्या तारखेला कुठे मुक्काम, फोन कुठून लागेल आणि कुठून लागणार नाही. वर फोन दोन-तीन दिवस न लागणे ही वाईट बातमी नव्हे, हे घरच्यांना आधी सांगून ठेवणे फार गरजेचे आहे. असा तक्ता नऊही घरी दिला आहे आणि एक प्रत विहारात लावली आहे.

रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधीच उघडते, पूर्वीसारखे एकशे वीस नाही. ३१ जुलैला निघायचे तर १ जूनला सकाळी खिडकीवर उभे राहावे लागेल. परतीचे तिकीट राखीव दिवस धरून, म्हणजे ११ ऑगस्टचे. ते १२ जूनला. उत्तराखंड सरकारकडे यात्रेकरूंची नोंदणीही आधी करावी लागते, त्याला प्रत्येकाचे आधारकार्ड लागते. आमच्यातल्या दोघांच्या कार्डावरची जन्मतारीख चुकलेली आहे. ती दुरुस्त करण्याचे काम या आठवड्यात चालू आहे.