खेळाडूचे महाविद्यालय

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, क्रांती चौकात सकाळी उभे राहिलात, तर पाठीवर दप्तर आणि हातात बुटांची पिशवी घेतलेली मुले-मुली तुम्हांला दिसतील. 1857 साली येथील घोडदळाच्या शिपायांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. त्यांना येथील काळ्या चबुतऱ्यावर मृत्युदंड दिला गेला. त्या आठवणीने या चौकाला क्रांती, म्हणजे इन्किलाब, हे नाव आहे. चौकातून जालना रस्ता जातो. रेल्वे स्थानकाच्या रस्त्यावर देवगिरी महाविद्यालय आहे, रोजाबागेत मौलाना आझाद महाविद्यालय आहे आणि नागसेनवनात मिलिंद महाविद्यालय आहे. गारखेड्याकडे गेले की विभागीय क्रीडा संकुल लागते. बारावीचा निकाल लागला की शहरातल्या कितीतरी खेळाडूंना एकच प्रश्न पडतो : आपण कोणता रस्ता धरावा?

समजा, तुमच्या शाळेतला एक मुलगा आहे. तो कबड्डी चांगली खेळतो. शालेय स्पर्धेत तो विभागापर्यंत पोहोचला आहे. त्याचे वडील पैठण गेटजवळ एका कापडाच्या दुकानात काम करतात. निकालानंतर दोन महाविद्यालयांच्या क्रीडा संचालकांनी त्याला निरोप पाठवला, "आमच्याकडे प्रवेश घे. आम्हांला तुझ्यासारखा चढाई करणारा खेळाडू हवा आहे." घरात आनंद झाला. मग अब्बांनी विचारले, "फी माफ होईल का?" मुलाने चौकशी केली. उत्तर आले, "फी भरावी लागेल. गणवेश मिळेल, स्पर्धेचा प्रवासखर्च मिळेल."

अशा खेळाडूला बोलावणे असते, पण वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती, नसते. आपल्याकडील बहुतेक खेळाडू असेच असतात. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे एक केंद्र याच शहरात, विद्यापीठाच्या परिसरात आहे. तेथे निवड झालेल्या निवासी खेळाडूंची राहण्याची, जेवणाची आणि प्रशिक्षणाची सोय सरकार करते. परंतु ही निवड थोड्यांचीच होते. बाकीच्यांना महाविद्यालय निवडताना स्वतःच हिशेब करावा लागतो.

महाविद्यालये खेळाडूंना का बोलावतात, हे आधी समजून घेऊ. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ 1958 साली स्थापन झाले. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या चार जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत. त्यांच्यात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होतात. ती जिंकली की महाविद्यालयाचे नाव होते. या स्पर्धांतील खेळ पाहून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो दुसऱ्या विद्यापीठांशी खेळतो. देशभर खेळात सर्वांत सरस ठरणाऱ्या विद्यापीठाला मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या नावाचा करंडक दिला जातो. हा करंडक 1956-57 पासून दिला जात आहे.

यात एक गोष्ट दडलेली आहे. ती मुलांच्या लक्षात सहसा येत नाही. विद्यापीठाच्या संघात जाण्याचा दरवाजा सर्व महाविद्यालयांना सारखाच आहे. मोठ्या नावाच्या महाविद्यालयात गेल्याने तो आपोआप उघडत नाही. आपल्या मुलाचेच पाहा. पहिल्या महाविद्यालयाचा संघ बलवान आहे. कबड्डीत 12 जणांचा संघ असतो, पण मैदानात एका वेळी 7 जणच उतरतात. त्या संघात आधीच चार चांगले चढाईपटू असतील, तर हा पहिले वर्ष आणि कदाचित दुसरेही राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून काढील. निवड समितीला तो दिसणार कसा? दुसऱ्या महाविद्यालयाचा संघ साधा आहे, पण तेथे तो पहिल्या सामन्यापासून खेळेल. उलट, बलवान संघात रोजचा सराव चांगल्या खेळाडूंबरोबर होतो, हाही मोठा फायदा आहे. धावपटूला मात्र हा प्रश्न फारसा नसतो. घड्याळात त्याची वेळ लागली की झाले. तेव्हा क्रीडा संचालकांना नम्रपणे पण स्पष्ट विचारावे, "सर, माझ्या जागेवर खेळणारे सध्या किती जण आहेत? त्यांतले शेवटच्या वर्षाला किती आहेत?"

यानंतर वेळेचा हिशेब. सराव पहाटे किंवा संध्याकाळी असतो. घर एका टोकाला आणि महाविद्यालय दुसऱ्या टोकाला असेल, तर दोन रिक्षा किंवा बस बदलून जावे लागते. महिन्याचे भाडे किती होईल, हे कागदावर मांडून पाहावे. विज्ञान शाखेत दुपारी प्रात्यक्षिके असतात. ती आणि सराव एकाच वेळी आले तर काय करायचे? स्पर्धेला गेल्यामुळे बुडलेली हजेरी धरली जाते का? अंतर्गत परीक्षा चुकली तर ती पुन्हा घेतात का? क्रीडा संचालक "काळजी करू नकोस" म्हणतात, आणि ते मनापासून म्हणत असतील. पण हजेरीपट वर्गातल्या शिक्षकांकडे असतो. म्हणून त्याच शाखेत शिकणाऱ्या एखाद्या जुन्या खेळाडूला गाठून विचारलेले बरे. मुलींनी तर हेही पाहावे की मुलींचा संघ दर वर्षी खरोखर मैदानात उतरतो का, आणि सरावानंतर अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचता येईल का.

पैशांबाबत एक फरक ध्यानात ठेवा. खेळामुळे मिळणारी सवलत खेळ थांबला की थांबू शकते. पालकांच्या उत्पन्नावर मिळणारी शासनाची शुल्कसवलत वेगळी असते. तिचा खेळाशी संबंध नाही. खेळाडू असलात तरी तिचा अर्ज वेळेवर भरावाच. आपला मुलगा खेळाच्या सवलतीची वाट पाहत बसला असता, तर हा अर्ज त्याच्या हातून राहून गेला असता.

अमेरिकेत हार्वर्ड, येल यांच्यासह आठ जुन्या विद्यापीठांचा 'आयव्ही लीग' नावाचा गट आहे. त्यांचे प्रशिक्षक शाळाशाळांतून खेळाडू शोधतात, पण खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. तेथे अशा खेळाडूला एक प्रश्न विचारण्याची पद्धत आहे : उद्या तुझा पाय मोडला आणि खेळ बंद झाला, तरी तुला याच महाविद्यालयात शिकायला आवडेल का? प्रश्न कडू आहे. कबड्डीत गुडघा एका पकडीत दुखावतो आणि पदवीला तर तीन-चार वर्षे लागतात. माझ्या मते आपल्या मुलांनी हा प्रश्न इतर सर्व प्रश्नांच्या आधी विचारावा.

पदवीचे महत्त्व खेळाडूला कमी नसते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. पण ज्या पदाला पदवी लागते, तेथे खेळाडूलाही पदवी लागतेच. धाराशिवच्या खो-खोपटू सारिका काळे यांचे उदाहरण घ्या. 2016 साली गुवाहाटी येथे झालेल्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत त्या सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाच्या कर्णधार होत्या. 2020 साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या तुळजापूर येथे तालुका क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होत्या. पदक मिळवूनही घर चालवायला नोकरी लागतेच.

आता आपल्या मुलाकडे परत येऊ. त्याला वाणिज्य शाखेत शिकायचे आहे. पहिल्या महाविद्यालयात त्या शाखेच्या जागा भरल्या होत्या. "कला शाखेत ये, खेळायला काय फरक पडतो?" असे त्याला सांगण्यात आले. दुसऱ्या महाविद्यालयात वाणिज्य शाखा मिळत होती, पण संघ कमजोर होता. त्याने घाई केली नाही. प्रवेशाची मुदत संपायला चार दिवस होते. कोणालाही न कळवता तो एका संध्याकाळी पहिल्या मैदानावर गेला आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या. पहिल्या ठिकाणी वीस मुले घाम गाळत होती. दुसऱ्या ठिकाणी नऊच होती, पण प्रशिक्षक स्वतः मैदानात वाकून एका नवख्याला पकड शिकवत होते. त्याने तेथे अर्धा तास उभे राहून सराव पाहिला. मग तो पायीच क्रांती चौकापर्यंत आला. दुसऱ्या महाविद्यालयाचा अर्ज त्याने त्याच रात्री अब्बांसमोर बसून भरला. शाखेच्या रकान्यात वाणिज्य लिहिले, आणि उत्पन्नाचा दाखला काढायला सकाळी कुठे जायचे, ते विचारून घेतले.