बाळ काचेत असताना

नवजात बाळाला अतिदक्षता विभागात हलवले, की घरात आणि नातेवाइकांत एकच निरोप फिरतो, "बाळाला काचेत ठेवलंय." या एका वाक्यातून ऐकणारा हवा तो अर्थ काढतो. कुणी समजतो आता आशा नाही, कुणी समजतो काचेत ठेवले म्हणजे बाळ आपोआप वाढेल. या विभागाला खासगी आणि मोठ्या रुग्णालयांत एनआयसीयू म्हणतात, तर जिल्हा रुग्णालयांत एसएनसीयू, म्हणजे विशेष नवजात काळजी कक्ष. तिथे दाखल होण्याची कारणे अनेक आणि एकमेकांपासून फार वेगळी असतात. ३४ आठवड्यांआधी झालेला जन्म, १८०० ग्रॅमपेक्षा कमी वजन, जन्मल्यावर न रडणे, धाप लागणे, जंतुसंसर्ग, वाढलेली कावीळ. यातली काही बाळे दोन दिवसांत आईजवळ परततात, काहींना दोन महिने लागतात. तेव्हा "काचेत आहे" यापेक्षा "कशासाठी आहे" हे विचारणे महत्त्वाचे.

बहुतेक ठिकाणी ती काच नसतेच. वॉर्मर नावाचा, वरून ऊब देणारा उघडा पाळणा असतो. बाळाच्या पोटाला चिकटवलेली छोटी चकती त्वचेचे तापमान मोजते आणि त्यानुसार वरची ऊब कमी-जास्त होते. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या त्वचेखाली चरबी जवळजवळ नसते. त्याचे तापमान ३६.५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले, की श्वास, साखर आणि वजन तिन्ही बिघडू लागतात. वॉर्मरचे काम इतकेच आहे. तो आजार बरा करत नाही, बाळाला स्वतःची ताकद ऊब टिकवण्यात खर्च करू देत नाही.

"सातमाशी जगतं, अठमाशी जगत नाही"

ही समजूत महाराष्ट्रात खेडोपाडी आहे, आणि ती फक्त इथली नाही. हिप्पोक्रेटीसच्या नावावर असलेल्या प्राचीन ग्रीक वैद्यकग्रंथांतही आठव्या महिन्यातले मूल जगत नाही असे म्हटले आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. गर्भाशयात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाची जगण्याची शक्यता वाढवतो. फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या मिटू न देणारा सरफॅक्टंट हा द्राव साधारण २४व्या आठवड्यापासून तयार होऊ लागतो आणि ३५व्या आठवड्याच्या सुमारास पुरेसा होतो. म्हणून वेळेआधी कळा सुरू झाल्यास आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. ती आईच्या आजारासाठी नसून बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत यासाठी असतात. अठमाशी बाळाला सातमाशी बाळापेक्षा या सगळ्याची गरज कमी लागते. तरीही "अठमाशी आहे, कशाला पैसा घालवायचा" असे म्हणून उपचार थांबवले गेले, तर त्या बाळाचा बळी आजाराने नव्हे, या म्हणीने घेतलेला असतो.

"हात लावला की जंतू लागतील"

जुन्या पद्धतीच्या विभागांत नातेवाइकांना दाराच्या गोल काचेतूनच बाळ दिसे, आणि अजूनही काही ठिकाणी तसेच चालते. जंतुसंसर्गाची भीती खोटी नाही. लहान बाळाची प्रतिकारशक्ती खरोखर तोकडी असते. पण जंतू येतात ते न धुतलेल्या हातांनी, मग ते हात आईचे असोत वा डॉक्टरांचे. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून, बाह्या वर करून कोपरापर्यंत साबणाने हात धुतले, की आईचा स्पर्श हा धोका राहत नाही. तो उपचार ठरतो.

हे पहिल्यांदा ठळकपणे दिसले ते कोलंबियातल्या बोगोटा शहरात. १९७८च्या सुमारास तिथे एडगर रे सानाब्रिया यांनी, आणि त्यांच्यानंतर हेक्टर मार्टिनेझ यांनी, इन्क्युबेटर अपुरे पडत असताना कमी वजनाची बाळे आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधून ठेवायला सुरुवात केली. तीच आजची कांगारू पद्धत. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपी आणि मोजे. आई समोरून उघडणारा गाउन घालते, बाळाला दोन स्तनांच्या मध्ये उभे ठेवते, त्याची मान एका बाजूला किंचित वळवते म्हणजे श्वास अडत नाही, पाय बेडकासारखे दुमडते आणि वरून मऊ कापडाने सगळे बांधून घेते. काही मिनिटांत बाळाचा श्वास संथ होतो, आणि पुष्कळदा आईचा पान्हाही याच वेळी सुटतो.

ही गरिबांची तडजोड आहे, मशीन मिळत नाही म्हणून करायची गोष्ट आहे, असा समज सुशिक्षित घरांतही आढळतो. त्याला २०२१ मध्ये स्पष्ट उत्तर मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या पाच रुग्णालयांत १ ते १.८ किलो वजनाच्या ३२११ बाळांचा अभ्यास झाला. भारतातले केंद्र दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते. प्रकृती स्थिर होईपर्यंत वॉर्मरमध्ये ठेवून मग कांगारू पद्धत सुरू केलेल्या बाळांपैकी १५.७ टक्के बाळे २८ दिवसांच्या आत दगावली. जन्मानंतर लगेच सुरू केलेल्या गटात हे प्रमाण १२ टक्के होते. दोन्ही गटांना उपचार आणि यंत्रे सारखीच उपलब्ध होती. फरक इतकाच, की दुसऱ्या गटात आईला किंवा घरातल्या दुसऱ्या व्यक्तीला विभागाच्या आत जागा दिली होती. भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने तर त्याआधीच, २०१७ मध्ये, नवजात विभागात पालकांना शिकवून काळजीत सामील करून घेण्याच्या सूचना काढल्या होत्या.

प्रत्यक्षात अडचण दोन्हीकडून येते. विभाग दार उघडत नाही, आणि घर बाळंतिणीला उठू देत नाही. सुवेर, दहा-बारा दिवसांची विश्रांती, वारा लागण्याची भीती यामुळे आजी सुनेला खाटेवरून हलू देत नाही. आजीचा हेतू काळजीचाच असतो. पण साधी प्रसूती झालेली आई त्याच दिवशी, आणि सिझेरियन झालेली आई आधार घेऊन दुसऱ्या दिवशी, खुर्चीत बसून बाळाला छातीशी घेऊ शकते. आई दुसऱ्या रुग्णालयात असेल किंवा फारच थकली असेल, तर बाबांची, मावशीची, आजीचीही छाती चालते.

"आईला दूध नाही, पावडर लिहून द्या"

पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारा घट्ट, पिवळसर चीक थोडाच असतो. बाळ जवळ नसल्यामुळे तो आणखी कमी वाटतो, आणि घरचे ठरवून टाकतात की दूध नाही. वेळेआधी झालेल्या बाळाला सुरुवातीला एका वेळी एक-दोन मिलिलिटर दूधच द्यायचे असते. त्याच्यासाठी चीक पुरतो, आणि त्यातली संरक्षक द्रव्ये कुठल्याही पावडरीत नसतात. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, हाताने दूध काढत राहिले तर ते वाढते. न काढले तर आटते.

चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३४व्या आठवड्याला जमतो. तोवर दूध तोंडातून पोटात गेलेल्या बारीक नळीने देतात. नळी दिसली की घरचे हादरतात, पण ती बाळाला खाऊ घालण्याची सोय आहे. पुढची पायरी पालाडाई नावाच्या चोचीच्या भांड्याची. ते पाहून आजीला लगेच ओळख पटते, कारण ते आपले बोंडलेच.

आईचे दूध खरोखरच मिळू शकत नसेल, तर दुसऱ्या आईचे निर्जंतुक केलेले दूध हा पुढचा पर्याय. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव इथल्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. दूध देणाऱ्या मातांची एचआयव्ही, कावीळ-बी आणि सिफिलिससाठी तपासणी होते, दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटे तापवले जाते आणि जंतू नसल्याची खात्री झाल्यावरच ते वापरले जाते. परक्या बाईच्या दुधातून तिचा स्वभाव किंवा तिची जात बाळात उतरते, या समजुतीला कसलाही आधार नाही. उलट, वेळेआधी झालेल्या बाळांच्या आतड्याला सूज येऊन ते सडण्याचा जो घातक आजार आहे, तो पावडरीच्या दुधावरील बाळांपेक्षा मातृदुग्धावरील बाळांत कमी होतो.

"पिवळं खाल्लं म्हणून कावीळ"

पूर्ण दिवसांच्या बाळांपैकी साधारण ६० टक्के आणि वेळेआधीच्या सुमारे ८० टक्के बाळांना पहिल्या आठवड्यात थोडी कावीळ होते. तांबड्या पेशी वेगाने मोडत असतात आणि यकृताला अजून त्यांचा निचरा नीट जमत नसतो. आईने हळद, डाळ खाण्याशी त्याचा संबंध नाही. आईचे खाणे तोडले, की बाळंतिणीचीच ताकद जाते. कोवळे ऊन हा निळ्या दिव्याचा पर्याय नव्हे. दिव्याचा प्रकाश ठरावीक लहरींचा आणि ठरावीक तीव्रतेचा असतो, आणि तो अतिनील नसल्याने त्वचा भाजत नाही. जन्मल्यावर २४ तासांच्या आत पिवळेपणा दिसला, किंवा तो तळहात-तळपायांपर्यंत उतरला, तर एक रात्रही थांबू नये. फार वाढलेली कावीळ मेंदूला आणि कानांना कायमची इजा करते.

नाकातली नळी आणि व्हेंटिलेटर यांबद्दलही अशीच घबराट असते. नाकातून हवेचा हलका दाब देणारे सीपॅप यंत्र फुप्फुस मिटू देत नाही, इतकेच. फुप्फुसे सुधारली की ते निघते. व्हेंटिलेटर लागणे गंभीर असते, पण त्यावरून उतरून घरी जाणारी बाळे प्रत्येक मोठ्या विभागात असतात. पहिल्या दिवसांत वजन उतरले म्हणून विभागावर आरोप होतो. जन्मतः अंगात असलेले जादा पाणी निघून गेल्याने पूर्ण दिवसांच्या बाळाचे वजन १० टक्क्यांपर्यंत आणि वेळेआधीच्या बाळाचे १५ टक्क्यांपर्यंत उतरू शकते, आणि साधारण दोन आठवड्यांत ते भरून येते.

"त्याला काय कळतंय, लहान जीव" हे मात्र घरच्यांआधी वैद्यकानेच मानले होते. १९८०च्या दशकापर्यंत नवजातांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत. कन्वलजीत आनंद यांनी १९८७ मध्ये ऑक्सफर्डमधून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा बाळांच्या शरीरावर येणारा ताण मोजून दाखवला, आणि पूर्ण भूल दिलेली बाळे शस्त्रक्रियेनंतर चांगली सावरतात हे सिद्ध केले. आज टाचेला सुई टोचतानासुद्धा वेदना कमी करण्याचे उपाय आहेत. बाळाला पाजत असतानाच सुई टोचणे किंवा आईच्या छातीशी असतानाच रक्त घेणे हे त्यांतले सर्वांत सोपे. ही विनंती आईने करायला हरकत नाही.

पैसा आणि कागद

सरकारी रुग्णालयात "बाहेरून औषध आणा" अशी चिठ्ठी हातात पडली, की घरचे निमूटपणे दुकानात जातात. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजाताची औषधे, तपासण्या, रक्त आणि ने-आण सरकारी संस्थेत मोफत आहेत. आधी ही सोय ३० दिवसांपर्यंत होती, नंतर ती एक वर्षापर्यंत वाढवली गेली. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्याला पहिल्याच दिवशी भेटलेले बरे. उपचारांची कागदपत्रे मागितल्यावर ७२ तासांत मिळावीत, असा वैद्यक परिषदेचा २००२चा नियम आहे. दुसरे मत घेणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे.

"घरी सोडलं, आता सुटलो"

हा सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज आहे. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्या अर्धवट वाढलेल्या असतात. जन्मानंतर, विशेषतः प्राणवायू जास्त मिळाल्यास, त्या वेड्यावाकड्या वाढून पडदा ओढू लागतात. याला आरओपी म्हणतात. डोळा बाहेरून अगदी स्वच्छ दिसतो, बाळ दिव्याकडे वळतेही, आणि आत काही आठवड्यांत पडदा सुटून कायमचे अंधत्व येऊ शकते. वेळेत लेझर किंवा इंजेक्शन दिले तर बहुतेक डोळे वाचतात. म्हणून भारतात ३४ आठवड्यांआधी किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे डोळे ३० दिवसांच्या आत तपासायचे असतात. २८ आठवड्यांआधीच्या किंवा १२०० ग्रॅमखालच्या बाळांचे त्याहून लवकर, दोन ते तीन आठवड्यांत. अडचण अशी, की पुष्कळ बाळे विसाव्या-बाविसाव्या दिवशी घरी जातात आणि तपासणीचा दिवस गावी उगवतो. कार्डावर ती तारीख लिहिलेली नसेल, तर ती मागून लिहून घ्यावी. कानांची तपासणीही याच फेरीत करून घेता येते.

घरी आल्यावर धुरी आणि शेगडी नको. धुराने या बाळांची फुप्फुसे बिघडतात. घुटी, वरचे पाणी सहा महिने नको, मध तर वर्षभर नको. नाका-कानात तेल नको. वजन पुरेसे वाढेपर्यंत आंघोळीऐवजी कोमट पाण्याने पुसावे. बारशाची गर्दी महिनाभर पुढे गेली तर काही बिघडत नाही. घरी येणाऱ्या आशाताईंच्या भेटी टाळू नयेत. या भेटींमागे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने केलेले काम आहे. गावातल्याच बाईला शिकवून घरोघरी नवजातांची काळजी घेतली, तर मृत्यू मोठ्या प्रमाणात कमी होतात, हे त्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केले आणि पुढे ती पद्धत देशभर गेली. बाळ दूध ओढत नसेल, अंगाला गार लागत असेल, मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास घेत असेल, झटके येत असतील किंवा एकदम मलूल झाले असेल, तर आशाताईंची वाट न पाहता थेट दवाखाना गाठावा.

लसी जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या असतात, बाळ लहान दिसते म्हणून लांबवायच्या नसतात. वाढ मात्र वेगळ्या हिशेबाने मोजायची. दोन महिने आधी जन्मलेले मूल सहा महिन्यांचे झाले, की त्याची तुलना चार महिन्यांच्या मुलाशी करायची. मान धरणे, पालथे पडणे, बसणे यांसाठी हाच हिशेब दोन वर्षे वापरतात. शेजारच्या त्याच महिन्यातल्या मुलाशी तुलना करून घरचे उगाच खचतात, किंवा उलट "वेळेवर जन्मलं असतं तर एवढंच असतं" म्हणून खरा उशीरही नजरेआड करतात. सुधारित वयानुसारही मूल मागे पडत असेल, तर जिल्हा रुग्णालयातल्या लवकर हस्तक्षेप केंद्रात दाखवावे, कारण व्यायाम आणि उपचारांचा गुण पहिल्या वर्षात सर्वांत जास्त येतो.